‘फ्लेवर’ म्हणजे चव नव्हे, वास

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत जॅम, क्रश आणि सरबतांच्या बाटल्यांवर ‘फ्लेवर’ हा शब्द हमखास दिसतो. आपण त्याचा अर्थ ‘चव’ असा घेतो. वास्तविक हा शब्द मुळात वासाचा आहे. त्याचे मूळ फुंकणे, वाहणे या अर्थाच्या लॅटिन ‘फ्लारे’ या क्रियापदापर्यंत नेले जाते. जुन्या फ्रेंचमध्ये ‘फ्लाओर’ म्हणजे गंध. त्याच अर्थाने तो इंग्रजीत आला. चवीचा अर्थ त्याला सतराव्या शतकाच्या अखेरीस चिकटला.

धंद्याच्या दृष्टीने जुना अर्थच खरा आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढेच ढोबळ कळते. अमुक फळ स्ट्रॉबेरी आहे हे नाक सांगते; म्हणून तर सर्दीत सारे सपक लागते. फळाचा हा वास उडून जाणारा असतो. जॅम आटवताना तो वाफेबरोबर निघून जातो, आणि मग कारखानदार बाटलीतला वास घालतो. या बाटलीला आपण ‘इसेन्स’ म्हणतो. त्या शब्दाचा अर्थ ‘सत्त्व’, आणि बाटलीत फळाचा थेंबही नसू शकतो!

कायद्याने जॅममध्ये किमान 45 टक्के फळ लागते. स्ट्रॉबेरीला मात्र 25 टक्के चालते. वरून वास घालणे हा गुन्हा नाही, पण तो लेबलावर लिहावा लागतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गिऱ्हाईक त्या नावाचे पैसे मोजते. नुसत्या वासाचे सरबत ‘इथल्या फळाचे’ म्हणून विकणे, म्हणजे भिजलेले धान्य ढिगाखाली दडवण्यासारखेच. हुजूर (स.) यांनी त्या व्यापाऱ्याला काय सुनावले होते, हे वाचकांना ठाऊक आहे.

आणखी एक बाब आपल्या व्यापारी बांधवांनी पाहावी. द्रवरूप फ्लेवर कशात तरी विरघळवलेला असतो: कधी प्रोपिलीन ग्लायकॉल, कधी तेल, कधी अल्कोहोल. शरई हुकूम उलेमांना विचारावा. तो आमचा प्रांत नाही. पण विचारण्यासाठी आधी बाटलीत काय आहे हे माहीत हवे, आणि ते दुकानदाराच्या तोंडी हवाल्यावर कळत नाही. माल घेताना ‘स्पेसिफिकेशन शीट’ मागावी, ‘सॉल्व्हंट’ किंवा ‘कॅरिअर’ या शब्दापुढे काय लिहिले आहे ते वाचावे आणि तो कागद बिलासोबत जपून ठेवावा.