गेममध्ये हेडशॉट बसतो, मग खऱ्या रायफलीत नेम का चुकतो?

दिग्रसला राहणारा माझा मामेभाऊ यंदा कॉलेजच्या एनसीसीत गेला. अग्निवीर भरतीत 'सी' सर्टिफिकेटचे बोनस गुण मिळतात, म्हणून आपल्या यवतमाळ जिल्ह्यातली बरीच मुलं हा रस्ता धरतात. पुढच्या कॅम्पला त्याची पहिली फायरिंग आहे आणि त्याचं म्हणणं असं, "दादा, मले तं बीजीएमआयमुळं नेम धरता येते. रायफलीत काय अवघड हाय?" इंजिनिअरिंगला असताना मीही एनसीसीत होतो, पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

सगळ्यात मोठा गैरसमज रिकॉइलचा. गेममध्ये गोळ्या सुटू लागल्या की अंगठा खाली ओढून रायफल 'कंट्रोल' करायची. खऱ्या रायफलीत दारू पेटल्यावर गोळी नळीबाहेर पडायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. तुमच्या ६० हर्ट्झ स्क्रीनची एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे फ्रेम बदलायच्या आत गोळी गेलेली! माणसाला प्रतिक्रिया द्यायलाच २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. धक्का जाणवतो तेव्हा त्या गोळीसाठी करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

नेम बिघडतो तो आवाजाच्या आधी. आता धाड होणार, म्हणून डोळा मिटतो, खांदा आवळतो, बोट ट्रिगरला हिसका देतं. गंमत म्हणजे पॉइंट टू-टूला धक्का जवळजवळ नसतोच, आपण आवाजालाच घाबरतो. यावर उस्तादांचा जुना उपाय आहे. रिकाम्या रायफलीच्या नळीवर नाणं ठेवायचं आणि ट्रिगर दाबायचा. नाणं पडलं नाही पाहिजे.

दुसरी गोष्ट साइटची. गेममधल्या रेड डॉटला फक्त एक ठिपका जुळवावा लागतो. लोखंडी साइटला मागची बॅकसाइट, पुढचं फोरसाइट टिप आणि टार्गेट अशा तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. नवशिका टार्गेटकडे बघतो, कारण मारायचं तिथे आहे. बघायचं असतं फोरसाइट टिपकडे. टिप स्पष्ट, टार्गेट धूसर, अगदी पोर्ट्रेट मोडच्या फोटोसारखं. का, ते हिशेबाने बघा. दोन साइटमधलं अंतर समजा अर्धा मीटर आहे. टिप १ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर बाजूला जाते. ३०० मीटरवर तीच चूक ६० सेंटिमीटरची होते, म्हणजे माणसाच्या आकाराचं टार्गेट पूर्ण हुकतं.

आता रेंजवरचा दिवस. रीलमध्ये दिसतो तसा तो अजिबात नसतो. फोन आधीच जमा. लाल झेंडा लागतो, टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध असतो, आणि आपली पाळी येईपर्यंत उन्हात बसायचं. मग झोपून पोझिशन घ्यायची, हुकूम आल्याशिवाय बोट ट्रिगरवर न्यायचं नाही, नळी कायम टार्गेटकडे. शेवटी रिकाम्या पुंगळ्या मोजून परत. एवढ्या दिवसात माझ्या वाट्याला राउंड आले ५.

त्या ५ राउंडमध्ये मधला ठिपका फुटला का, हे आधी कुणी विचारत नाही. बघतात तो ग्रुप, म्हणजे पाचही भोकं एकमेकांपासून किती जवळ आहेत. हे जीपीएससारखं समजा. मॅपवरचा ठिपका दरवेळी १० मीटर डावीकडेच दाखवत असेल, तर ती चूक दुरुस्त करता येते. तो इकडेतिकडे उड्या मारत असेल तर काय दुरुस्त करणार? तसंच खाली-डावीकडे पण दाट ग्रुप आला, तर साइट फिरवून रायफल झिरो करता येते. विखुरलेल्या ग्रुपवर कुठलाच स्क्रू चालत नाही. ग्रुप उभा लांबला तर बहुतेक वेळा श्वासाची गडबड असते.

हेच कसब टोकाला नेलं की काय होतं, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये दाखवलं. ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण आणि कांस्यपदक. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं असतं.

रायफल नसताना करता येईल असा एक प्रयोग भावाला दिला आहे, तुम्हीही करा. पालथे झोपा, दोन्ही कोपरं जमिनीवर टेकवा, कॅमेरा १० एक्स झूमवर नेऊन समोरच्या भिंतीवरच्या एखाद्या ठिपक्यावर धरा. श्वासाबरोबर ठिपका वर-खाली होताना दिसेल. श्वास सोडल्यावर दोन-तीन सेकंद तो थांबतो, रायफलीचा ट्रिगर तेव्हाच दाबतात. त्या वेळात व्हॉल्यूमच्या बटणाने ५ फोटो काढा आणि प्रत्येकात ठिपका कुठे आलाय ते बघा. हा तुमचा ग्रुप. फोनमधलं स्टॅबिलायझेशन थोडी थरथर लपवतं, त्यामुळे खरा ग्रुप याहून मोठाच धरा.