स्त्रियांचे कर्करोग आणि सोनोग्राफी

पोटाची सोनोग्राफी झाली, अहवाल निर्दोष आला, तेव्हा आता कर्करोगाची भीती नाही, असा समज अनेक भगिनी बाळगून असतात. हा समज वेळीच दूर होणे अगत्याचे आहे.

कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आतील अवयवांचे चित्र उमटविणे, हे सोनोग्राफीचे तत्त्व होय. गर्भाशय व अंडाशय यांतील गाठी तीत दिसू शकतात; मात्र गाठ कर्करोगाचीच आहे की नाही, हे तेवढ्यावरून निश्चित होत नाही.

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उशिरा लक्षात येतो. म्हणून कोणताही त्रास नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी सोनोग्राफी केल्यास प्राण वाचतील काय, याची ब्रिटनमध्ये पाहणी झाली. २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वर्षे वयाच्या दोन लाखांहून अधिक स्त्रिया तीत सहभागी झाल्या. अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, कर्करोग नसतानाही काही स्त्रियांना शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. त्याची पूर्वावस्था सोनोग्राफीत दिसत नाही. परंतु ती ओळखणाऱ्या सोप्या चाचण्या उपलब्ध आहेत. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच होऊन आवश्यक ते उपचार मिळालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांतून प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक आम्ल लावून केलेल्या तपासणीने मृत्यूंत ३१ टक्के घट झाली.

मग सोनोग्राफी केव्हा करावी? पाळी कायमची गेल्यानंतर एकदा जरी रक्तस्राव झाला, तरी विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी गर्भाशयाच्या अस्तराची जाडी सोनोग्राफीने मोजतात. ती चार मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. पोट सतत फुगणे, थोड्या जेवणाने पोट भरणे, ओटीपोटात दुखत राहणे, या तक्रारीही अंगावर काढू नयेत.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने नजीकच्या शासकीय आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. संकोचापोटी ती टाळणे जिवावर बेतू शकते.