साकाला: शत्रूच्या बखरीत उरलेला मुलूख

दक्षिण एस्टोनियातलं विल्यांदी हे तळ्याकाठचं गाव. तळ्यावरच्या टेकड्यांवर दगडी किल्ल्याच्या पडक्या भिंती उभ्या आहेत आणि जुलैत तिथेच लोकसंगीताचा मोठा उत्सव भरतो. हा किल्ला जर्मन सरदारांनी बांधला. त्याआधी याच जागी माती-लाकडाचा कोट होता, साकालाच्या लोकांचा.

तेराव्या शतकाच्या आरंभी एस्टोनियाला राजा नव्हता. वेगवेगळे परगणे आणि त्यांचे वडीलधारे पुढारी, एवढाच कारभार. साकाला हा त्यांतला बलाढ्य परगणा. त्याची हकिकत आपल्याला कळते ती मात्र हेन्रिक या पाद्र्याच्या लॅटिन बखरीतून, आणि हेन्रिक होता रीगाच्या बिशपच्या पदरी, म्हणजे चालून आलेल्या जर्मनांच्या बाजूचा. तरीही त्याच्या बखरीतला सर्वांत ठसठशीत माणूस आहे साकालाचा पुढारी लेंबितू.

1215 मध्ये लेंबितूचा लेहोला कोट पडला. त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागला, ओलीस द्यावे लागले. दोनच वर्षांत त्याने अनेक परगण्यांतून सुमारे सहा हजार माणसं जमवली आणि पाला नदीकाठी रशियन नोव्हगोरोडच्या कुमकेची पंधरा दिवस वाट पाहिली. कुमक आलीच नाही. 21 सप्टेंबर 1217 रोजी विल्यांदीजवळ लढाई झाली, लेंबितू पडला आणि त्याचं मस्तक कापून नेण्यात आलं. त्याच रणात समोरच्या बाजूने लढणारा काउपोही मेला. लिव्ह जमातीचा हा पुढारी ख्रिस्ती झालेला, रोमला जाऊन पोपना भेटलेला. परक्यांच्या या स्वारीत दोन शेजारी जमातींचे म्होरके एकाच दिवशी गेले, ही गोष्ट मला त्या पराभवाहूनही जास्त सलते.

जानेवारी 1223 मध्ये साकालाने पुन्हा उठाव केला आणि विल्यांदीतल्या जर्मनांची कत्तल केली. ऑगस्टमध्ये विल्यांदीच्या कोटाला जर्मनांचा वेढा पडला. भर उन्हाळा, कोटात माणसं आणि गुरं दाटलेली, पाणी संपलेलं, प्रेतांची दुर्गंधी. अखेर दरवाजे उघडावे लागले.

लेहोला म्हणजे सूरे-यानीजवळची आजची लोहावेरे टेकडी, असं मानलं जातं. तिथल्या उत्खननात भूर्जाच्या सालीची एक छोटी पेटी मिळाली. आत विणलेल्या पट्ट्या, लोकरीचे धागे आणि कापडावर बसवायची कांस्याची बारीक वेटोळी. कुणाचं तरी हातातलं काम. हेन्रिकच्या बखरीत या हातांना जागा नाही. साकालाने स्वतःबद्दल मागे ठेवलेलं मला तरी या पेटीतच जास्त दिसतं.

जिंकणाऱ्यांनी परगणा मोडला, पण नाव टिकलं. 1878 मध्ये कार्ल रोबर्ट याकोबसन यांनी विल्यांदीत एस्टोनियन भाषेतलं वर्तमानपत्र काढलं, जर्मन जमीनदारांच्या बरोबरीचे हक्क शेतकऱ्याला मागणारं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘साकाला’. ते आजही विल्यांदीतूनच निघतं.