समोरून उशिरा कागद आला तर

वादीची उलटतपासणी संपत आली आणि त्याच्या वकिलांनी कागदयादीला जोडून जुना फेरफार उतारा पुढे केला. अर्जाच्या कडेला न्यायाधीश लिहितात : समोरच्यांनी ‘से’ द्यावा. खरी लढत या ‘से’मध्येच होते, आणि तिथेच बहुतेक जण ‘विलंब झाला, अर्ज नामंजूर व्हावा’ एवढं खरडून मोकळे होतात. कागद आजवर कुणाच्या ताब्यात होता, वादपत्रात त्याचा उल्लेख का नाही, तो आल्यास आपला कोणता साक्षीदार पुन्हा बोलवावा लागेल, हे लिहायला हवं.

आधार दिवाणी प्रक्रिया संहितेचा : वादीसाठी ऑर्डर ७ नियम १४(३), प्रतिवादीसाठी ऑर्डर ८ नियम १-अ(३). दोन्हीकडे न्यायालयाची परवानगी लागतेच. (विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला उलटतपासणीत दाखवायच्या कागदाला ही अट नाही, तिथे हरकत म्हणजे शाई वाया.) व्यावसायिक न्यायालयांत ऑर्डर ११ अधिक कडक, आधी न दाखवण्याचं वाजवी कारण सिद्ध करावं लागतं.

परवानगी मिळालीच तर खर्च मागावा. कागद दाखल झाला म्हणजे शाबीत झाला असं नाही. शाबितीच्या पद्धतीवरची हरकत मात्र निशाणी पडण्यापूर्वीच नोंदवावी. नंतर ती सोडून दिली असं धरलं जातं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगितलं आहे.