नावे पुसली, ओळख उरली

ग्राहकांविषयीची अवाढव्य माहिती, म्हणजेच 'बिग डेटा', कंपन्यांना नफ्याची वाट दाखवते आणि अडचणीतही आणते. अमेरिकेतील 'नेटफ्लिक्स'ने हे दोन्ही अनुभव एकाच स्पर्धेत घेतले. ग्राहकाला कोणता चित्रपट आवडेल, याचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारणाऱ्यास दहा लाख डॉलर, अशी घोषणा कंपनीने २००६ मध्ये केली. त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांनी चित्रपटांना दिलेल्या गुणांच्या दहा कोटी नोंदी, नावे वगळून, खुल्या करण्यात आल्या. कल्पना नामी होती. जगभरातील संशोधक कामाला लागले आणि पैसे मात्र विजेत्यालाच द्यायचे होते! २००९ मध्ये एका चमूने बक्षीस पटकावलेही.

दरम्यान, टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि व्हिताली श्मातिकोव्ह यांनी या नोंदी 'आयएमडीबी' या संकेतस्थळावरील जाहीर अभिप्रायांशी ताडून पाहिल्या. त्यातून नावे नसतानाही काही ग्राहकांची ओळख पटू शकते, हे सिद्ध झाले. मोजक्या चित्रपटांना दिलेले गुण आणि अंदाजे तारखा एवढे त्यास पुरेसे होते. फारसे कोणी न पाहिलेले चित्रपट असतील तर काम आणखी सोपे. चित्रपटांच्या निवडीवरून माणसाचा राजकीय वा खासगी कलही उघड होऊ शकतो, हा यातील खरा धोका. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये कंपनीने नियोजित दुसरी स्पर्धा रद्द केली.

भारतात २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेत हयगय करणाऱ्या कंपनीस २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.