देणगी की मालमत्ता? दुसऱ्या देशाच्या नागरिकत्वाचा हिशेब

पैशांच्या मोबदल्यात नागरिकत्व देणारे देश अर्जदारापुढे सहसा दोन वाटा ठेवतात. पहिल्या वाटेने सरकारी निधीला देणगी द्यायची. ती परत मिळत नाही. दुसऱ्या वाटेने सरकारमान्य प्रकल्पात मालमत्ता घ्यायची. ती ठरावीक वर्षे विकता येत नाही. सेंट किट्स आणि नेव्हिस या कॅरिबियन बेटांनी १९८४ साली ही पद्धत सुरू केली. पुढे डॉमिनिका, अँटिग्वा, ग्रेनाडा आणि सेंट लुसिया यांनीही ती स्वीकारली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या तालुक्यात काळ्या मातीचे शेत हीच पिढ्यांची ठेव. तिथल्या कुटुंबाला देणगी म्हणजे पैसे पाण्यात आणि मालमत्ता म्हणजे पदरात काहीतरी, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण या बेटांवर अर्जदाराच्या नावावर जे होते ते बहुधा शेत नसते, राहते घरही नसते. तो एखाद्या हॉटेलातला किंवा रिसॉर्टमधला हिस्सा असतो. त्याचा भाव बाजारात ठरत नाही. नागरिकत्वासाठी किमान किती रक्कम लागते, यावर तो बेतलेला असतो.

ग्रेनाडाचे उदाहरण घेऊन हा हिशेब मांडता येतो. २०२४ च्या मध्यापासून तिथे चौघांच्या कुटुंबाला २,३५,००० डॉलर देणगी द्यावी लागते. मालमत्तेची वाट धरली तर २,७०,००० डॉलरचा हिस्सा घ्यायचा आणि वर ५०,००० डॉलर सरकारला द्यायचे. हे ५०,००० परत मिळत नाहीत, म्हणजे मालमत्तेच्या वाटेतही देणगी आहेच. एकूण खर्च ३,२०,००० डॉलर, देणगीपेक्षा ८५,००० डॉलर जास्त. हिस्सा पाच वर्षे विकता येत नाही. हेच ८५,००० डॉलर सात टक्क्यांनी ठेवीत गुंतवले असते तर पाच वर्षांत ते सुमारे १,१९,००० झाले असते. तेव्हा पाच वर्षांनी हिस्सा मूळ किमतीच्या निदान ४४ टक्क्यांना विकला गेला, तरच मालमत्तेची वाट देणगीच्या बरोबरीला येते. देखभालीचा खर्च यात धरलेला नाही, भाडे मिळाले तर तेही नाही.

४४ टक्के ही मोठी अपेक्षा नव्हे. अडचण भावापेक्षा गिऱ्हाइकाची आहे. असा हिस्सा चढ्या भावाने घेणारा बहुधा नागरिकत्वाचा पुढचा अर्जदारच असतो, आणि त्याच्यापुढे नवे कोरे प्रकल्प उभे असतात. जुना हिस्सा पुन्हा अर्जाला चालेल की नाही, हे त्या देशाचे नियम ठरवतात आणि हे नियम वारंवार बदलतात. सेंट किट्सने २०१७ च्या चक्रीवादळानंतर काही काळ दर १,५०,००० डॉलरपर्यंत खाली आणला होता. बेटाबेटांमधली ही दरांची चढाओढ थांबावी म्हणून मार्च २०२४ मध्ये चार देशांनी करार करून किमान दर २,००,००० डॉलर ठरवला. दर खाली आला की चढ्या दराने घेतलेल्या हिश्शाला कोण विचारणार? शिवाय ही बेटे वादळांच्या वाटेवर आहेत. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची दैना केली. म्हणून नागरिकत्व मिळत नसतानाही जी मालमत्ता घ्यावीशी वाटली असती, तिच्यासाठीच ही वाट धरणे शहाणपणाचे. एरवी देणगी हीच किंमत समजून ती एकदाच मोजलेली बरी.

ग्रेनाडाकडे भारतीयांचा ओढा असण्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेचा ई-२ हा व्यावसायिक व्हिसा भारतीय नागरिकांना मिळत नाही, ग्रेनाडाच्या नागरिकांना मिळतो. मात्र डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेने अट घातली आहे: पैसे गुंतवून नागरिकत्व घेतलेल्याने आधी तीन वर्षे त्या देशात वास्तव्य केलेले असावे. ही अट दोन्ही वाटांना सारखीच लागू आहे.

भारतातून पैसे पाठवतानाही दोन्ही वाटांत फरक पडतो. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर बाहेर पाठवता येतात. ग्रेनाडाची देणगी या मर्यादेत बसते, मालमत्तेची रक्कम बसत नाही. ती ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे विभागून पाठवावी लागते, नाहीतर पती-पत्नी दोघांनी पाठवावी लागते. दोघांनी पाठवायची तर कागदोपत्री दोघे सहमालक असायला हवेत. वर्षाला १० लाख रुपयांपुढच्या अशा रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. डॉलर ९० रुपये धरला तर २,३५,००० डॉलरवर साधारण ४० लाख रुपये टीसीएस होतो. विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. तोवर मात्र तेवढी रोकड हाताशी असावी लागते.

पैसा कुठून आला, हा प्रश्न दोन्ही वाटांवर विचारला जातो. कळंबचे शेत विकून रक्कम उभी केली असेल तर सातबारा, फेरफाराची नोंद, खरेदीखत आणि बँकेचा उतारा इंग्रजी भाषांतरासह द्यावा लागतो. खरेदीखतात लिहिलेली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम जुळली पाहिजे. व्यवहारात रोखीने घेतलेला पैसा इथे दाखवताच येत नाही. आणि तो लपवण्यासाठी खोटी माहिती देऊन मिळवलेले नागरिकत्व पुढे रद्द होऊ शकते.

युरोपात मालमत्तेची वाट आक्रसत चालली आहे, कारण तिच्यामुळे स्थानिकांना घरे महाग होतात ही तक्रार तिथे वाढली. पोर्तुगालने ऑक्टोबर २०२३ मध्ये निवास परवान्यासाठी घरखरेदी बंद केली. कला-वारशासाठीची २,५०,००० युरोंची देणगी मात्र चालू ठेवली. स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये आपली निवास परवान्याची योजनाच गुंडाळली. त्याच महिन्यात युरोपीय न्यायालयाने माल्टाची नागरिकत्व-विक्री बेकायदा ठरवली.

देणगी असो वा मालमत्ता, परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. त्यानंतर मूळ भारतीयांसाठीचे ओसीआय कार्ड मिळू शकते, पण त्यावर भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, भेट म्हणूनही स्वीकारता येत नाही. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. भारतातच राहून शेतात आणखी चार एकर जोडायचा विचार असणाऱ्या घराने नागरिकत्वाऐवजी निवास परवान्याकडे पाहावे. दुबईत २० लाख दिरहमची, म्हणजे सुमारे ५,४५,००० डॉलरची मालमत्ता घेतल्यास दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा मिळतो आणि भारतीय पासपोर्ट कायम राहतो. ती मालमत्ता स्वतः राहण्यासाठी वापरता येते, भाड्याने देता येते, आणि तिचे गिऱ्हाईक पासपोर्टासाठी आलेलेच असावे लागत नाही.