लासुर्ण्याचा पाऊस फाइलमध्ये कसा लिहावा?

बारामतीहून इंदापूरला जाताना वाटेत लासुर्णे लागते. हा भाग पर्जन्यछायेतला, शेतीची मदार नीरा डाव्या कालव्यावर. इथल्या एखाद्या शाळेने पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या वेळेला, पाऊस मोजायचे ठरवले असे समजू. ही नोंद आपण पायथन भाषेतल्या छोट्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये ठेवू.

फाइल म्हणजे शेवटी बाइटांची रांग. 'ओपन' ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम ती कार्यप्रणालीकडे मागतो. कशासाठी हवी तेही सांगायचे असते : वाचायला 'आर', लिहायला 'डब्ल्यू', शेवटी भर घालायला 'ए'. खरी गोम इथेच आहे. 'डब्ल्यू'ने उघडताच आधीचा सगळा मजकूर पुसला जातो, आपण एक अक्षरही लिहिण्यापूर्वी! संगणक विचारतसुद्धा नाही. जूनपासूनच्या नोंदी जाऊन आजचे १२ मिलिमीटर तेवढे उरतात. रोजच्या नोंदीला 'ए'च हवे.

लिहिलेले लगेच डिस्कवर जाते असेही नाही. डिस्क संथ, म्हणून मजकूर आधी स्मृतीत साठतो. तेवढ्यात वीज गेली तर नोंदही गेली. 'क्लोज' केल्यावर प्रोग्रॅम आपल्याकडचा साठा कार्यप्रणालीच्या हवाली करतो.

आता गावाचे नाव लिहू. 'लासुर्णे' ही आपल्या लेखी तीन अक्षरे, संगणकाच्या लेखी मात्र आठ चिन्हे : ल, काना, स, उकार, र, हलन्त, ण, मात्रा. 'इस्की' या १९९१ च्या भारतीय मानकात (पुण्याच्या सी-डॅकची 'जिस्ट' प्रणाली आठवत असेल) त्यांना आठ बाइट पुरत. १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २४. मोजून दहा बाइट वाचले तर हाती 'लास' आणि उकाराचा एक तृतीयांश तुकडा येतो! इस्कीतली ही नोंद यूटीएफ-८ समजून वाचू गेल्यास पायथन चूक दाखवून थांबतो. म्हणून फाइल उघडतानाच लिपीची पद्धत सांगून टाकावी हे बरे.

महिनाअखेरीस बेरीज करू. फाइलमधून आलेला आकडा हा अजून मजकूरच असतो. '१२' आणि '५' यांची बेरीज केली तर दोन्ही शेजारी चिकटून '१२५' होतात. लासुर्ण्यात असा पाऊस पडला तर बातमीच व्हायची. आधी 'इंट' वापरून मजकुराची संख्या करून घ्यावी, मग १७ मिळतात. देवनागरी आकडेही त्याला चालतात. वर्गात करून पाहण्याजोगे आहे.